पंचावन्न इंचांत न दिसलेलं

"मला दिसलं नाही, तर दिसलं असं मी लिहिणार नाही," असं सुगंधा तोरसकर एकदा म्हणाली होती. नोकरीचा तिसरा महिना होता. समोर तपासणीला आलेले साहेब बसले होते आणि त्यांनी एवढंच सुचवलं होतं की कालच्या तारखेचा रकाना रिकामा राहिलाय, तिथे एक खूण करून टाका, कोण बघतंय. तिने पेनाला टोपण लावलं आणि पेन एप्रनच्या खिशात ठेवलं. त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. रकाना अजून रिकामा आहे.

मुलुंड पूर्वेला, गव्हाणपाड्याच्या रस्त्यावर, एका जुन्या आरोग्य मंडळाचं निदान केंद्र आहे. खाली रक्त-लघवी आणि रिसेप्शन, वर एक्स-रे, सोनोग्राफी आणि मजल्याच्या टोकाला बायकांच्या छातीचे फोटो काढायचं यंत्र. हे यंत्र सुगंधाच्या हाताखालचं. तिच्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. बाहेरच्यापेक्षा इथे पैसे बरेच कमी लागतात, म्हणून भांडुप, कांजूर, कोपरीकडच्या बायका येतात. पदर सावरत, ओशाळत, "बाई, दुखतं का हो" विचारत.

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ती यंत्राशेजारच्या छोट्या खोलीत शिरते, दार लावून घेते, दिवा मालवते आणि दोन मिनिटं नुसती उभी राहते. डोळ्यांना अंधाराची ओळख व्हायला वेळ लागतो. मग ती स्क्रीनवर चाचणीचं चित्र लावते. करडा चौकोन, त्यात बारीक होत गेलेल्या रेषांचे गठ्ठे आणि विरत गेलेली अक्षरं. शेवटच्या गठ्ठ्यातली प्रत्येक रेष दुसरीपासून सुटी दिसते का, हे ती बघते. शेवटचं, नसल्यासारखं असलेलं अक्षर दिसतं का, हे बघते. मग वहीत लिहिते. 'दिसतं', किंवा 'दिसत नाही'. खाली सही. हा रिवाज इथल्या जुन्या डॉक्टरांनी घालून दिला. ते वारले, रिवाज राहिला. त्या दिवसाची नोंद नसेल तर डॉक्टर फोटो वाचायला बसत नाहीत.

बघण्याचं हे वेड तिला बापाकडून आलं. धोंडू तोरसकर मालवणाकडून गिरणीत आला तो फोल्डिंग खात्यात राहिला. मागावरून उतरलेलं कापड उजेडाच्या टेबलावरून सरकत जायचं आणि त्यातला चुकलेला धागा त्याने पकडायचा. रविवारी तो भांडुपच्या खोलीत कापडाचे तुकडे आणि रुपयाएवढं भिंग घेऊन बसे, पोरीला इंचभरातले धागे मोजायला लावी. एकदा तिने मोजणं सोपं जावं म्हणून कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं. बाप हसला.

"ताणल्यान धागे वाढनत नाय गो," तो म्हणाला. "भोकां तेवढी मोठी होतत."

संपात गिरणी गेली. धोंडू सोसायटीच्या फाटकावर बसून म्हातारा झाला आणि शेवटी शेवटी माणूस आवाजावरून ओळखू लागला. पोरीने एक्स-रेचा कोर्स केला.

गेल्या वर्षी ती पुतणीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेली. गुरुवारी परत कामावर आली तर रिसेप्शनवरच्या लताने तिला जिन्याच्या पायथ्याशी अडवलं.

"एकदम वर जाऊ नकोस. आधी चहा घे."

"का गं? मेलं कोण?"

"कुणी नाही मेलं. टीव्ही आलाय."

चहा न घेताच सुगंधा वर गेली. छोट्या खोलीची समोरची भिंत गायब झाली होती. तिथे पंचावन्न इंचांचा टीव्ही होता, त्याला झेंडूचा हार होता आणि खाली पितळेची पट्टी: कै. सौ. जयंती मार्तंड कर्णिक यांच्या स्मरणार्थ. स्टुलावर एक तिशीतला तरुण हातात रिमोट घेऊन बसला होता. केयूर त्याचं नाव. अंधेरीत लोकांच्या घरी होम थिएटर बसवून देण्याचा त्याचा धंदा, आणि मंडळाचे कार्यवाह मार्तंडराव कर्णिक त्याचे सख्खे मामा.

"या मावशी. बघा, काय झकास आहे."

सुगंधा टेबलाकडे बघत होती. तिथे धुळीत एक स्वच्छ चौकोन उरला होता.

"इथला कुठाय?"

"कोण?"

"स्क्रीन. उभा. काळ्या चौकटीचा."

"तो होय, ब्लॅक अँड व्हाइट? खाली लावला ना टोकनला. येताना बघितला नाहीत?"

ती जिना उतरून खाली आली. पाण्याच्या कूलरशेजारी, रिसेप्शनच्या टेबलावर, तिचा स्क्रीन उभा होता. बारीकातला बारीक कण दाखवण्यासाठी घडवलेला, दहा वर्षांपूर्वी मंडळाने दारोदार वर्गणी मागून आणलेला, एकच परवडलेला. त्यावर लिहिलं होतं, टोकन क्र. १७. आकड्यांच्या कडा इतक्या रेखीव होत्या की बोट कापावं. देवघरातली समई उचलून कुणी संडासात बल्ब नाही म्हणून नेऊन ठेवावी, तसं तिला वाटलं.

"स्वच्छ दिसतं पण हं," लता हळूच म्हणाली. "आजोबा लोकांना चष्म्याशिवाय नंबर वाचता येतो आता."

सुगंधा परत वर आली. दार लावलं, दिवा मालवला. केयूर बोलायला लागला तशी तिने बोट ओठांवर ठेवलं. दोन मिनिटांनी चाचणीचं चित्र लावलं. भिंतभर करडं. शेवटचे तीन गठ्ठे एकमेकांत विरघळले होते. रेषा नव्हत्याच, नुसता धूर होता. अक्षरं पाच कमी.

"यात काय काय आहे ते सांग," ती म्हणाली.

केयूर खुलला. "एकशे वीस हर्ट्झ मावशी. म्हणजे पडदा सेकंदाला एकशे वीस वेळा चित्र नव्याने काढतो. साधा टीव्ही साठ वेळा काढतो. यावर क्रिकेट बघा, बॉलच्या मागे शेपूट दिसणार नाही."

"इथे क्रिकेट कोण खेळतंय?"

"तसं नाही, पण..."

"बाई यंत्राला चिकटून उभी असते. छाती फळीत दाबलेली, श्वास धरलेला. जरा हलली तर तो फोटो मी टाकून देते आणि दुसरा काढते. जे हलतच नाही ते एकशे वीस वेळा काढून काय करायचं? भिंतीवरच्या गणपतीकडे तू शंभरदा बघितलंस म्हणून तो उंदरावरून उतरतो का?"

केयूर हसला. पोरगा वाईट नव्हता.

"हर्ट्झ ठेव बाजूला. ठिपके किती?"

"फोर के आहे. त्र्याऐंशी लाख." आणि मग जरा दबक्या आवाजात, "तुमच्या जुन्यात बावन्न. मी बघितलं होतं नेटवर."

त्र्याऐंशी हे बावन्नपेक्षा जास्त असतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण धूर समोर होता. तिने खुर्ची ओढली, माउस हातात घेतला आणि पडद्याची सेटिंग उघडली. आडवे ठिपके एकोणीसशे वीस, उभे एक हजार ऐंशी.

"हे काय रे?"

केयूरने मान खाजवली. "ते काय झालं, तुमचा कॉम्प्युटर जुना. पूर्ण ठिपके पाठवले तर याच्या केबलमधून सेकंदाला तीसच चित्रं जातात. मग माउसचा बाण अडखळतो. मामा बघायला आले, म्हणाले, हा लंगडतो का रे? म्हणून मी ठिपके उतरवले आणि हर्ट्झ चढवले. आता बघा, एकदम मक्खन."

"म्हणजे नळाला पाणी तेवढंच. तू भांडी लहान केलीस म्हणून ती भराभर भरली."

"हां. तसंच."

"किती उतरवलेस?"

"वीस लाखांवर आणले."

"आणि बाकीची जागा?"

"ती टीव्ही स्वतः भरतो. एका ठिपक्याचे चार करतो. आजूबाजूचं बघून अंदाजाने."

सुगंधाला कापड ताणून धरलेले आपलेच लहान हात दिसले.

"मेल्या," ती म्हणाली, आवाज न चढवता, "बाण लंगडू नये म्हणून तू डॉक्टरला आंधळं केलंस."

केयूरने मुकाट्याने ठिपके पूर्ण केले. बाण लंगडू लागला. धुरातून एक गठ्ठा सुटा झाला, दोन नाही झाले. मग त्याचा त्यालाच संशय आला आणि तो टीव्हीच्या मेनूत शिरला. तिथे चित्र साफ करायची एक सोय आपोआप चालू होती. बारीक ठिपका दिसला की टीव्ही त्याला घाण समजून पुसून टाकायचा. केयूरने ती बंद केली आणि तिच्याकडे बघायचं टाळलं.

तरी शेवटची रेष सुटली नाही, तरी शेवटचं अक्षर उमटलं नाही. सुगंधाने वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. फोटो उभा, टीव्ही आडवा. फोटो मधल्या पट्टीत उभा राहायचा आणि दोन्ही बाजूंना काळी भिंत. त्र्याऐंशीतले सदतीस लाख ठिपके कामाला यायचे, बाकीचे बसून खायचे. शिवाय काळ्या आणि पांढऱ्याच्या मध्ये त्या जुन्या स्क्रीनला ज्या शेकडो करड्या पायऱ्या होत्या, त्या इथे नव्हत्या. इथे रंग होते. कोट्यवधी रंग, ज्यांचं इथे काही काम नव्हतं.

"झूम करून बघतील ना डॉक्टर," केयूर म्हणाला.

"जिथे काहीतरी दिसतं तिथे झूम करतात. जिथे काही दिसलंच नाही तिथे कशाला करतील?"

त्याने रिमोट टेबलावर ठेवला. "मला वाटलं होतं, जितका मोठा तितका चांगला. मी आयुष्यभर लोकांना तेच सांगून विकतोय."

"मग आता मामांना जाऊन खरं सांग."

"मावशी, मी त्यांना नाही सांगू शकत. हा मामीच्या नावाचा आहे."

तिने त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं, 'दिसत नाही'. सही केली.

मार्तंडराव शुक्रवारी सव्वापाचला आले. वय चौऱ्याहत्तर, बँकेतून निवृत्त, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. अकरा वर्षं मंडळाचं काम बिनपगारी करत होते आणि घड्याळ लावावं इतके वेळेवर येत होते. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. छातीच्या कॅन्सरने गेली. शनिवारी तिच्या स्मरणार्थ शिबिर होतं: अडतीस बायकांची नावं नोंदलेली, भाड्याच्या खुर्च्या, छापील पत्रिका, प्रमुख पाहुणे. रिपोर्ट त्याच दिवशी हातात, हे पत्रिकेत ठळक अक्षरात.

वही त्यांच्या हातात होती.

"तोरसकरबाई, हे तुम्ही काय लिहून ठेवलंय?"

"जे दिसलं ते. दिसलं नाही ते."

"खोडा ते."

"खोडत नाही साहेब. दिसायला लागलं की खाली नवीन लिहीन."

मार्तंडराव खुर्चीवर बसले. ते चिडले की आवाज बारीक होई. "तुम्ही टेक्निशियन आहात. वाचणार डॉक्टर. मी डॉक्टर गंधालींना फोन केला होता. त्या म्हणाल्या, झूम करून बघेन सर, ॲडजस्ट करू. त्यांना चालतंय आणि तुम्हाला चालत नाही?"

डॉक्टर गंधाली नव्या होत्या, चार महिन्यांच्या. बुधवारी आणि शनिवारी येत. सुगंधाने त्या पितळी पट्टीकडे बघितलं.

"साहेब, बाईंचे पहिले फोटो मीच काढले होते. कॉम्प्युटरमध्ये आहेत. तुम्ही परवानगी दिलीत तर या पडद्यावर लावते."

दारात उभा असलेला केयूर निघून जायला वळला. "थांब," मामा म्हणाले. मग सुगंधाला, "लावा."

ठिपके पूर्ण होते, साफसफाई बंद होती. केयूरला जेवढं करता आलं तेवढं सगळं केलेलं होतं. भिंतीवर एक करडा अर्धगोल उमटला, ढगाच्या कडेसारखा, चंद्राच्या उजेडातल्या टेकडीसारखा. मार्तंडरावांनी मान खाली घातली. मग हळूहळू वर केली.

"कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही शोधा."

ते उठले. चष्मा काढून पुसला, परत लावला. पडद्याच्या इतके जवळ गेले की नाक लागेल. जवळून चौकोन दिसत होते, नुसते चौकोन. मागे सरकले. "इथे काही नाहीये," ते म्हणाले, आणि त्या शब्दांत अशी काही सुटका होती की सुगंधाला पुढचं बोलायला जड गेलं.

"आहे. केयूर, खालचा आण."

साडेपाच वाजून गेले होते, टोकनं संपली होती. केयूर तो काळा स्क्रीन छातीशी धरून वर घेऊन आला. सुगंधाने केबल जोडली, दिवा मालवला. "दोन मिनिटं थांबा," ती म्हणाली. तिघं अंधारात उभी राहिली. खालून लता कुणाला तरी उद्या उपाशी यायची गरज नाही असं सांगत होती.

मग तिने तोच फोटो लावला. अर्धगोल आता लहान होता, तळहाताएवढा. त्याच्या वरच्या अंगाला, काखेच्या बाजूला, काळ्या ओट्यावर मीठ सांडून पुसल्यावर थोडे राहून जावेत तसे कण होते. मार्तंडरावांनी बोट न लावता मोजले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

"सात," ते म्हणाले.

"जुन्या डॉक्टरांनीही सातच मोजले. हाताला गाठ लागत नव्हती. काही दुखत नव्हतं. हे दिसले म्हणून पुढची तपासणी झाली, ऑपरेशन झालं. त्यानंतर बाई सहा वर्षं होत्या."

"सहा वर्षं दहा महिने," मार्तंडराव म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच दिव्याचं बटण दाबलं आणि उजेडात त्यांचा चेहरा परत कार्यवाहांचा झाला.

"हे मला कशाला दाखवलंत? मी मूर्ख आहे हे सिद्ध करायला?"

"नाही. उद्या ज्यांचे काढायचे आहेत त्यांचे दिसले पाहिजेत. एवढ्यासाठी."

"उद्या पाहुणे येतायत. पत्रिकेत छापलंय, जयंतीच्या नावाच्या पडद्यावर तपासणी. आणि तपासणी कशावर? त्या टोकनच्या डब्यावर? पाहुणे वर येऊन बघणार आहेत. एक दिवस जाऊ दे, बाई. सोमवारी तुमचा स्क्रीन वर आणा, मी अडवणार नाही."

"अडतीस जणी उद्याच आहेत, सोमवारी नाहीत."

"काही शंका वाटली तर बोलावून घेऊ."

"शंका यायला दिसायला लागतं. 'काही नाही' असं लिहिलेला कागद घेऊन बाई घरी गेली, की ती तीन वर्षं परत येत नाही साहेब. आनंदाने येत नाही. शेजारणीला सांगते, माझं काही नाही निघालं."

मार्तंडरावांनी वही मिटली. "केयूर, हा खाली नेऊन लाव."

केयूरने सुगंधाकडे बघितलं. मग मामांकडे. आणि केबल काढू लागला.

दारातून मार्तंडराव मागे वळले. "उद्या चार शब्द तुम्ही बोलायचे आहेत. पंचवीस वर्षं आहात इथे, लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात. सांगा त्यांना, आता सगळं मोठं दिसणार."

"मला बोलावू नका साहेब."

"बोलावणार," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी आठ दहाला तिने दार लावलं, दिवा मालवला, थांबली, बघितलं आणि लिहिलं, 'दिसत नाही'. नऊला डॉक्टर गंधाली आल्या. पर्स खांद्यावरून न काढताच त्यांनी वही उघडली. तीन दिवसांच्या तीन ओळी वाचल्या.

"सुगंधाताई, मी काय करू सांगा. सर माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. मला नाही म्हणता आलं नाही."

"मला एवढंच सांगा डॉक्टर. जुना स्क्रीन इथे आला, तर त्यावर बघाल?"

"त्यावरच बघेन. दुसरीकडे बघणारही नाही." मग डॉक्टरांनी आवाज उतरवला. "पण आणणार कोण? सर खाली त्याच्या शेजारीच उभे आहेत."

कार्यक्रम खालच्या हॉलमध्ये होता. रिसेप्शनच्या टेबलालाच चादर घालून व्यासपीठ केलं होतं, त्यामुळे एका टोकाला पाहुणे, मधे माइक आणि दुसऱ्या टोकाला, कूलरजवळ, तो काळा स्क्रीन. त्यावर टोकन क्र. १. समोर अडतीस बायका. काही नट्टापट्टा करून आलेल्या, काही कामावरून मधेच निसटलेल्या. एक नंबरचं टोकन माणिकच्या हातात होतं. ती कांजूरहून आली होती, तीन घरी स्वयंपाक करायची.

"ताई," तिने सुगंधाला पदराने खुणावलं, "भाषण किती वेळ चालणार? मला अकराला पोळ्या लाटायच्यात."

"घाबरलीस का?"

"घाबरायला फुरसत कुठाय? माझी मोठी बहीण यात गेली, म्हणून आले. तुम्ही नीट बघाल ना?"

सुगंधाने तिच्या हातातलं टोकन उगाचच सरळ केलं आणि मागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

मार्तंडराव चांगलं बोलले. जयंती कुठल्या शाळेत शिकवायची, तिला कुठली भाजी आवडायची नाही, असं घरगुती बोलले, बायका हसल्या. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "माझ्या पत्नीला जो त्रास झाला तो दुसऱ्या कुणाला होऊ नये. वर पंचावन्न इंचांचा पडदा आहे. आता काहीही लपून राहणार नाही." हे म्हणताना त्यांनी मागच्या भिंतीकडे, सुगंधाकडे बघितलं आणि नजर लगेच काढून घेतली. टाळ्या झाल्या. प्रमुख पाहुण्यांनी मान डोलावली.

"आता आपल्या सगळ्यांच्या परिचयाच्या सुगंधाताई तोरसकर चार शब्द बोलतील."

पुन्हा टाळ्या. सुगंधा भिंतीपासून सुटली आणि खुर्च्यांच्या मधून पुढे आली. मार्तंडरावांनी माइक तिच्याकडे धरला. तिने माइक घेतला नाही. त्यांच्यासमोरून ती पुढे गेली, पाहुण्यांच्या समोरून गेली, टेबलाच्या टोकाला आली. लताने एकदा तिच्या तोंडाकडे बघितलं आणि स्क्रीनपुढचं पेनांचं डबडं बाजूला केलं.

सुगंधा वाकली. तिने भिंतीतली पिन ओढली. टोकन क्र. १ विझलं.

"काय झालं? लाइट गेली का?" पाहुण्यांनी विचारलं.

तिने मागची केबल सोडवली, मनगटाभोवती गुंडाळली. मग दोन्ही हात स्क्रीनच्या बाजूंनी घालून तो उचलला, काच स्वतःच्या अंगाकडे करून, आणि वजन कमरेवर घेतलं. माइक चालूच होता. त्यातून मार्तंडरावांचा श्वास हॉलभर ऐकू येत होता. फाटकावरचा रखवालदार दारात येऊन त्यांच्या खुणेची वाट बघत होता. मार्तंडरावांचा हात अर्धा वर गेला. सगळ्यांनी तो बघितला. सुगंधाने बघितला नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं. तो हात तिथेच राहिला, ना अडवायला पुढे आला, ना खाली गेला.

केयूर जिन्याजवळच्या दाराला टेकून उभा होता. तो बाजूला झाला आणि त्याने दार पायाने धरून ठेवलं.

पहिल्या रांगेतल्या बायकांनी गुडघे आत ओढून वाट केली. माणिकने पिशवी काखेत मारली, टोकन मुठीत घेतलं आणि उठून तिच्या मागे लागली. सुगंधा तोरसकर कुणाकडेही न बघता, एक शब्दही न बोलता, पन्नास लाखांवर ठिपके छातीशी धरून त्या दारातून बाहेर पडली.